बडे बाबूंच्या नावावरचं पान

बंडोपंत खानझोड्यांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं: काम कुणी करायचं ते ठरवलं. हे काय काम झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सरकारी नोकरीत नव्हता, किंवा होतात आणि बिचारे काम करणाऱ्यांपैकी होतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खात्यात ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. खात्याचं नाव घेत नाही, त्याने आधीच बरंच सोसलंय. आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागदाच्या कोपऱ्यात एक नाव लिहायचे, खाली तिरपी सही ठोकायचे, आणि तो कागद त्या क्षणापासून दुसऱ्याच्या मानगुटीवर. याला तिकडे 'मार्क करणं' म्हणतात. असा मार्क करणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, असं निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले. ते हिंदीत म्हणाले आणि अगदी मनापासून म्हणाले.

एखादा कागद मात्र फारच नाजूक असायचा. कुणाला दिला तरी भानगड होईल असा. तो बंडोपंत स्वतःच्या नावावर मार्क करायचे आणि आपल्या कपाटात ठेवायचे. 'बडे बाबूंकडे आहे' म्हटलं की खालच्या कुणाची त्याला हात लावायची टाप नव्हती, आणि वरचेही विचारत नसत. कागद सुखरूप राहायचा. सुखरूप म्हणजे तिथेच राहायचा. बंडोपंतांना याचा अभिमान होता. आपल्या कपाटात गेलेला कागद कधी हरवला नाही, असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे, आणि शेजारी बसलेला माणूस वाढप्याला जोरात हाक मारायचा.

मग निवृत्ती आली. घरात मार्क करायला माणूस एकच, अलकनंदाबाई. भाजी अलकाकडे, गॅसचा नंबर अलकाकडे, लाइट गेली तर बिजलीवाल्यांना फोन अलकाकडे. नवरा नुसता ठरवत होता आणि बायको करत होती, म्हणजे संसारात काही नवीन झालं नव्हतं. फरक इतकाच की आता ते दिवसभर घरी होते.

अलकनंदाबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. हनुमान चौकाच्या मागच्या त्यांच्या गल्लीत मराठी घरं मोजकी, आणि त्यातल्या पोरांची मराठी आता फक्त आजीशी भांडण्यापुरती उरलेली. म्हणून बाईंनी एक रिवाज पाडला होता. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमायच्या आणि बाई एखादी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायच्या. लीलाबाई यायची, शांताबाई यायची, आणि कोपऱ्यावरच्या तेजरामची म्हातारी आई तुळसाबाई काठी टेकत सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. तुळसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण मागच्या गुरुवारी गोष्ट कुठे थांबली होती हे तिला विचारावं.

पुढे बाईंचे डोळे गेले. अगदी अंधार नाही. नागपूरचा डॉक्टर म्हणाला की पडद्याचा मधला भाग खराब झालाय, समोरचं दिसणार नाही, कडेचं दिसत राहील. "म्हणजे यांचं तोंड दिसणार नाई अन् बाकी दुनिया दिसंल?" बाई म्हणाल्या, "मंग चालते." डॉक्टर हसला. पण गाडीत परत येताना त्या तिरोडीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, कारण अक्षर समोरच असतं, कडेला नसतं.

इथे प्राची आली. प्राची म्हणजे बंडोपंतांच्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती इथल्याच प्रेमनगरातल्या आपल्या घरातून करते आणि त्यातून वेळ काढून एक फुकटचं कामही करते. फुकटचं म्हणजे असं: चार ठिकाणची काही पोरंपोरी मिळून एक पैसा न घेता 'बोलकं पान' नावाचं सॉफ्टवेअर बनवत होती. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे आणि फोनमध्ये टाकायचे. फोन ते मराठीत वाचून दाखवतो. प्राचीने ते काकूच्या फोनवर टाकलं. बाईंनी काय करावं? एका कानात इअरफोन घातला, फोन वाक्य बोलला की ते आपल्या आवाजात, आपल्या ठेक्यात बायकांना म्हणून दाखवायचं! गुरुवार पुन्हा सुरू झाला. लीलाबाई तर म्हणाली, "बाई, आधीपेक्षा चांगलं वाचून राह्यल्या तुमी." बाई त्या दिवशी दोनदा चहा प्यायल्या आणि दोन्ही वेळा साखर घालून.

खोट एकच होती, पण ती चांगलीच नडली. पान संपलं की फोन पुढच्या पानावर जायच्या ऐवजी त्याच पानाच्या डोक्यावर जायचा आणि तेच पुन्हा वाचायचा. पुढे जायला पडद्यावर एक तिळाएवढा बाण होता. तो बाईंना दिसत नव्हता. लीलाबाईने एकदा दाबून पाहिला तर पुस्तक बंद होऊन तिच्या जावयाला फोन लागला. तेव्हा बंडोपंतांनी शेजारी बसायचं आणि पान संपलं की बोट लावायचं असं ठरलं. या माणसाने ते काम केलं, खरंच केलं, सगळा हिवाळा. चेहरा मात्र असा करायचे की जणू त्यांना बिरशाच्या जंगलात बदली दिलीय.

त्यांची सुटका प्राचीनेच केली, आणि त्याचा तिला पुढे फार पस्तावा झाला. सॉफ्टवेअर वापरणारे लोक त्यातल्या चुका कळवत. त्या चुकांना ही मंडळी 'बग' म्हणतात. बगांचा ढीग साचला होता. कुणीतरी तो वाचायला, एकसारख्या तक्रारी एकत्र करायला आणि कुठला बग कोण घेतो ते विचारायला हवं होतं. जो घेईल त्याचं नाव त्या बगापुढे लागतं. नाव लागलं म्हणजे 'हा मी दुरुस्त करतोय, बाकीच्यांनी तसदी घेऊ नये.'

"काका, तुम्हाला जमेल," प्राची म्हणाली. "प्रोग्राम लिहायचा नाही. फक्त कोणाला काय द्यायचं ते पाहायचं."

"म्हणजे नुसतं ठरवायचं?" बंडोपंतांनी विचारलं.

"हो, नुसतं ठरवायचं."

अहो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून असे बसले की अलकनंदाबाईंना भाजी ओट्यावर उभ्याने चिरावी लागली.

आता खरं बोलायचं तर सुरुवातीला त्यांनी काम झकास केलं. तीच ती तक्रार दहा जणांनी केलेली, त्यांनी ओळखून एक केली. विसरलेले बग उकरून काढले. गोंदियाच्या कॉलेजात शिकवणारा पियुष म्हणाला, "काका, आमचा ढीग पहिल्यांदा जमिनीले टेकला." इथेच थांबायचं होतं. पण कौतुक झालं की बडे बाबूंना व्यवस्था सुचते. त्यांनी प्रत्येक बगाला नस्ती क्रमांक दिला. ज्येष्ठता लावली: जुन्याला सोपं, नव्याला अवघड, कारण दफ्तरात तसंच असतं. नांदेडची एक पोरगी उत्साहाने नवीन आली होती, तिला पहिल्याच दिवशी सगळ्यात किचकट बग दिला आणि वर लिहिलं, 'परिवीक्षा काळ.' ती पोरगी पुन्हा दिसली नाही. कुणी म्हणालं, घरी लग्न आहे, आठवडाभर जमणार नाही, तर यांनी रजेचा अर्ज मागितला.

"काका, मी फुकट काम करतो," त्या माणसाने लिहिलं.

"फुकट असलं म्हणून शिस्त नाही का?" बंडोपंतांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर किती चोख होतं हे प्राचीला फोन करून वाचून दाखवलं.

आणि आठवड्याची समीक्षा बैठक! सगळ्यांनी व्हिडिओवर जमायचं, कोणाचं कुठवर आलं ते सांगायचं. वार कोणता? गुरुवार. वेळ? दुपारची. का, तर त्यांच्या दफ्तरात समीक्षा नेहमी गुरुवारी दुपारीच व्हायची.

"गुरुवारी माहं वाचन राह्यते ना," अलकनंदाबाई म्हणाल्या. "पान कोण पुढं करंल?"

"अलके, तुझं वाचन घरचं हाय. हे सार्वजनिक काम हाय," बंडोपंत म्हणाले. "चार गावचे लोक बसून राह्यते माही वाट पाहत."

ओसरीवर चार बायका वाट पाहत होत्या, पण त्या सार्वजनिक नव्हत्या. बाईंनी मग डोकं लावलं. प्राचीला सांगून त्यांनी त्याच 'बोलक्या पाना'कडे रीतसर तक्रार पाठवली: पान संपल्यावर पुढचं पान आपोआप यावं. खाली नाव, अलकनंदा खानझोडे, बालाघाट. होळीच्या आसपासची गोष्ट.

तक्रार बंडोपंतांच्या समोर आली. पियुषने लगेच हात वर केला, म्हणाला, "हा मी घेतो काका, सोपा हाय." बंडोपंत नाव वाचून थबकले. आपल्या घरची तक्रार! आपल्या बायकोचं काम गोंदियाचा कोणी पोरगा करणार? लोक काय म्हणतील? उद्या कुणी म्हणालं की बडे बाबू घरच्या कामाला लोकांना जुंपतात तर? प्रकरण नाजूक होतं. आणि नाजूक प्रकरणाचं काय करायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं, 'हे प्रकरण माझ्याकडे राहील,' आणि बगापुढे स्वतःचं नाव लावून मोकळे झाले.

त्यांच्या मते त्याचा अर्थ होता, काम आता सगळ्यात वरच्या माणसाकडे आहे, निश्चिंत राहा. बाकी जगाच्या मते त्याचा अर्थ होता, बंडोपंत खानझोडे स्वतः प्रोग्राम लिहून हा बग दुरुस्त करताहेत. ज्या माणसाला फोनचा आवाज कमी करायला प्राची लागते, तो माणूस! पियुषला कळत होतं, प्राचीला कळत होतं. पण काकांच्या नावावरचं काम काढून घ्यायचं कसं? असं आपल्याकडे कोणी करतं का? मोठ्या माणसाच्या ताटातली पोळी उचलल्यासारखं झालं असतं. दोघंही गप्प बसली. हे पुण्याला झालं असतं तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं आणि काम झालं असतं. बालाघाट-गोंदियात मान राखला गेला.

बाई आठवड्याला विचारायच्या, "अजी, माह्या पानाचं काय झालं?"

"प्रक्रियेत हाय," बंडोपंत म्हणायचे.

तोवर ओसरीवर हिवाळ्यात सुरू झालेली एक जाडजूड कादंबरी शेवटाकडे आली होती. त्यातली कालिंदी नावाची मुलगी आईशी भांडून, आपल्या मनाने लग्न करून घर सोडून जाते. तुळसाबाई हे ऐकताना काठीवरची मूठ सोडत नसे. कारण गल्लीला माहीत होतं. तिची मुलगी राखी अशीच रायपूरला गेली होती, आणि तेजरामने बहिणीचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तुळसाबाई राखीबद्दल चकार शब्द काढत नसे. पण दर गुरुवारी विचारायची, "बाई, ते कालिंदी मायकडं येते का नाई वापस? तेवढं सांगा."

"सांगीन ना. पुस्तक संपू तर द्या," बाई म्हणायच्या.

पुस्तक संपेल कसं? आत टेबलावर बंडोपंतांची समीक्षा रंगलेली असायची, बाहेर एक पान झालं की तेच पान पुन्हा. बाई आवाज द्यायच्या, "अजी, जरा येता का?" आतून हात हलायचा, थांब. लीलाबाई पानाशी खटपट करायची, पुस्तक बंद व्हायचं, ते उघडून मूळ जागी आणायला प्राचीच लागायची आणि प्राची तेव्हा तिच्या नोकरीत. लीलाबाईला छापील पुस्तक हातात दिलं, तर ती हिंदी शाळेत शिकलेली. दर ओळीला थांबून 'याचा मतलब काय वो?' विचारायची. एका गुरुवारी एक पान, कधी दोन. शांताबाई यायची बंद झाली. मग लीलाबाईला मोतीनगरच्या भजनाचा शोध लागला. उरली तुळसाबाई. ती यायची, एक पान ऐकायची, तेच पान पुन्हा सुरू झालं की म्हणायची, "राहू दे वो माय," आणि काठी टेकत परत जायची.

पावसाळ्यात तुळसाबाईने अंथरूण धरलं. बाईंनी फोन घेतला, छत्री घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला माह्यासंगं. शेवटचे पानं राह्यले, तिले ऐकवून देऊ. तुमी फक्त बोट लावा."

"आज नाई जमणार," बंडोपंत म्हणाले. "रजतचं प्रकरण हाय आज."

हा रजत नागपूरचा, आणि तो म्हणजे बंडोपंतांच्या डोक्याला ताप होता. लांजीच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून लोक सीट धरतात ना, तसा रजत दिसेल त्या बगावर आपलं नाव टाकून ठेवायचा. करायचा काही नाही. विचारलं की म्हणायचा, 'कर रहा हूँ काका.' बंडोपंतांचा नुसता तिळपापड व्हायचा. स्वतः करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही, अशा माणसाला काय म्हणावं? ते जेवतानाही बोलायचे, झोपतानाही बोलायचे. बाई त्या दिवशी एकट्याच गेल्या.

पोळ्याच्या आधी तुळसाबाई वारली. बंडोपंत अंत्ययात्रेला गेले, आणि लाकडं कोणी आणायची, गाडी कोणी करायची हे त्यांनी इतकं नीट ठरवून दिलं की तेजरामने हात जोडले.

दसरा झाल्यावर बंडोपंतांनी आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी बैठक बोलावली. विषय: नाव लावून काम न करणं. इस्त्रीचा शर्ट होताच, वर जाकीट घातलं. त्यांनी भाषण केलं, ते खरोखरच चांगलं होतं. म्हणाले, आपण सगळे फुकट काम करतो, म्हणून आपल्याकडे दुसऱ्याला द्यायला एकच वस्तू आहे, ती म्हणजे जागा. ज्याला जमत नाही त्याने बाजूला सरावं. त्यात लाज नाही. लाज अडवून बसण्यात आहे, कारण त्या बगाच्या पलीकडे एक माणूस वाट पाहत असतो. आणि मग त्यांनी नियम मांडला की महिनाभर ज्याने कामाला हात लावला नाही, त्याचं नाव आपोआप निघेल. मग तो कितीही मोठा असो.

"मंजूर?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मंजूर म्हटलं. रजतनेसुद्धा म्हटलं, आणि जरा लवकरच म्हटलं.

पुण्याची मयुरी कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. तिने तिथल्या तिथे नियम चालवून पाहिला. "बरं, निघणारी नावं वाचते," ती म्हणाली. "रजत, तुझे बरेच आहेत, ते नंतर. सगळ्यात जुना आधी घेऊ. पान संपल्यावर पुढचं पान आपोआप यावं. होळीपासून अडकलाय. नाव बंडोपंत खानझोडे." तिने वर पाहिलं. "काका, यात तुम्ही नक्की काय करत होता?"

बंडोपंतांना आधी वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. ते म्हणाले, "ते प्रकरण माझ्या देखरेखीखाली..." आणि जाकिटाचं बटण काढू लागले.

"मी करतो आता," मयुरी म्हणाली. "तासाभराचं काम आहे."

"करायची गरज नाई," पियुष हळूच म्हणाला. तो कॅमेऱ्याकडे न बघता बोलत होता. "उन्हाळ्यातच करून ठेवलं मी. फक्त सॉफ्टवेअरमध्ये लावायचं हाय."

"मग लावलं का नाहीस?" मयुरी कडाडली.

पियुषऐवजी प्राची म्हणाली, "काकूंनी लावू दिलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं की तयार आहे. त्या म्हणाल्या, काकांच्या नावावर आहे, त्यांच्याच हातून सुटू दे. चार लोकांत त्यांना लहान करू नका."

बैठक तिथेच संपली. कामकाजाचा वृत्तांत त्या दिवशी कोणी लिहिला नाही. बंडोपंतांनी आपलं नाव काढलं, कसं काढायचं ते प्राचीने सांगितलं, आणि चहा व्हायच्या आत पियुषने दुरुस्ती लावली. महिनोन्महिने अडलेलं काम, आणि चहासुद्धा उकळला नव्हता.

ते बाहेर ओसरीवर आले. बाई तांदूळ निवडत होत्या, नजरेने नाही, बोटांनी.

"तुले माहीत होतं?" बंडोपंतांनी विचारलं. "पियुषनं करून ठेवलं हे तुले माहीत होतं? मंग मले काहून नाई सांगितलं?"

"दर आठवड्याले तं विचारलं तुमाले," बाई म्हणाल्या. "तुमी म्हणे, प्रक्रियेत हाय." आणि खडा काढून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कादंबरी घेऊन बसल्या. इअरफोन काढून ठेवला होता, फोन मोठ्याने वाचत होता. पान संपलं की पुढचं पान आपसूक येत होतं. बंडोपंत शेजारी बसून होते. दर पानाला त्यांचं बोट उगाच पुढे व्हायचं आणि मागे यायचं. मध्येच ते उठले, दोघांसाठी चहा करून आणला, साखरेच्या जागी मीठ नाही पडलं हे नशीब. बाईंनी कप घेतला. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा फोन थांबला. पुस्तक संपलं होतं.

"काय झालं मंग?" बंडोपंतांनी विचारलं. त्यांचं लक्ष गोष्टीपेक्षा पानांकडेच होतं. "आली का कालिंदी?"

"नाई आली," बाई म्हणाल्या. "माय मरते. तिले कळतबी नाई."

मग म्हणाल्या, "मी तुळसाबाईले सांगितलं, येते. त्या दिवशी एकटीच गेली ना मी. फोन घेऊन बसली, पान काही सरकेना. ती डोळे लावून पाहून राह्यलती. काय सांगू? मीच रचलं मंग. म्हटलं, येते वो, कालिंदी येते, मायच्या गळ्यात पडते."

आता शहाणा माणूस इथे गप्प बसतो. पण बंडोपंत हाडाचे बडे बाबू. अंगावर आलेल्या विलंबाला कुठूनतरी योग्य ठरवता येतंय असं दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. ते सावरून बसले.

"म्हणजे बरंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. "पान सरकलं असतं तर हे दुखाचं ऐकावं लागलं असतं तिले. उशीर झाला, पण समाधानानं गेली बिचारी."

अलकनंदाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी मान जरा वळवली, कारण समोरचं त्यांना दिसत नाही. कडेने नवऱ्याकडे पाहिलं.

"समाधानानं? कोणी सांगितलं तुमाले?" त्यांचा आवाज चढला. या घरात तो फारसा कधी चढला नव्हता. "माहं ऐकून ती म्हणे, मंग माही राखीबी येईन. अन् त्या दिवसापासून दार लावू दिलं नाई तिनं. पाऊस आत येऊन राह्यलता, तेजराम दार लोटे, अन् ही त्या अंथरुणातून ओरडे, उघड, ते येईन. मले सगळं ऐकू ये इथी बसल्या बसल्या. तिले कोण सांगणार होतं का राखीले तर कोणी फोनबी नाई केला म्हणून? खरं पुस्तक ऐकलं असतं तं रडली असती, शिव्या दिल्या असत्या, अन् दार लावून झोपली असती. मी तिले वाट पाहाले लावलं. मी! अन् कायच्यापायी? तुमचा मान राहावा म्हणून!"

तुळसाबाईच्या अंत्ययात्रेला गेले तेव्हा तिच्या खोलीत घोटाभर चिखल होता, हे बंडोपंतांना आता आठवलं. तेव्हा त्यांनी तेजरामला सुनावलं होतं, म्हातारं माणूस घरात असताना दार उघडं टाकता, काही लक्ष देता की नाही तुम्ही लोक?

बाई डोळे पुसत होत्या आणि फोन, पुस्तक संपल्यावर काय करायचं हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसल्यामुळे, नुसता गप्प पडला होता.

"राखीचा नंबर कोणाजवळ असंल?" बंडोपंतांनी विचारलं.

"तेजरामजवळ."

"मी प्राचीले सांगतो त्याले विचाराले..." ते म्हणाले आणि थांबले. मग उठले, चपला शोधल्या आणि कोपऱ्यावरच्या घराकडे एकटेच निघाले. तेजरामचं दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवली.